नदीतले बोये वाचता आले पाहिजेत

२०१७ च्या जुलै महिन्यात मांडवी नदीत येऊ पाहणारे एक कॅसिनो जहाज पणजीजवळ मिरामारच्या किनाऱ्यालगत वाळूत रुतले. किनाऱ्यावर उभे राहून असे दृश्य पाहणाऱ्याला एकच प्रश्न पडतो: चहूकडे एवढे पाणी असताना जहाज रुततेच कसे? उत्तर सोपे आहे, पण ते सहज सुचत नाही. पाणी पसरलेले आहे म्हणजे ते खोल आहे, असे नसते. रस्त्यावरचा खड्डा दिसतो. नदीचा उथळपणा दिसत नाही. गढूळ पाण्यात तर हातभर खालचा तळही डोळ्यांना दिसत नाही.

या न दिसणाऱ्या तळाची खबर पाण्याच्या वर आणून ठेवण्याचे काम बोये करतात. नदीत किंवा खाडीत साखळीने बांधलेले लाल, हिरवे, पिवळे तरंगते पिंप अनेकांनी पाहिलेले असतात. फेरीबोटीत बसलेली मुले त्यांच्याकडे बोट दाखवून विचारतात, ‘हे काय?’ आणि बहुतेक वडीलधाऱ्यांकडे त्याचे उत्तर नसते. प्रवाशाला उत्तर येत नसले तर फार बिघडत नाही. सुकाणू धरणाऱ्यालाही ते नीट येत नसेल, तर मात्र तो आरोग्याचा प्रश्न होतो. बोट तळाला लागली की माणसे फेकली जातात, हाडे मोडतात, माणसे पाण्यात पडतात. अपघात विभागात पोहोचणाऱ्या या जखमांचे मूळ अनेकदा न वाचलेल्या एखाद्या खुणेत असते.

हा विषय आज महत्त्वाचा आहे, कारण पाण्यावर जाणाऱ्यांची संख्या वाढते आहे. २०१६ च्या कायद्याने देशातील राष्ट्रीय जलमार्गांची संख्या १११ झाली. त्यात गोव्यातील मांडवी, जुवारी आणि कुंभारजुवे कालवा आहे. महाराष्ट्रातील अंबा, सावित्री, वाशिष्ठी आणि शास्त्री या नद्यांच्या खाड्याही आहेत. रो-रो सेवा, डॉल्फिन पाहण्याच्या सफरी, खाडीतले पर्यटन, वॉटर स्कूटर हे सारे गेल्या काही वर्षांत वाढले. पूर्वी खाडीत बोट घालणारा माणूस त्याच खाडीवर वाढलेला असे. आज तसे असेलच असे नाही.

आधी नदी उथळ कुठे होते ते पाहू. वळणावर पाणी बाहेरच्या काठाला जोरात घासत जाते आणि तिथला तळ खरवडून काढते. आतल्या काठाशी वेग मंदावतो, आणि सोबत आणलेली वाळू तिथे खाली बसते. म्हणून खोल वाट बाहेरच्या काठाजवळून जाते. नवख्या चालकाला मात्र वळण आतून कापून जावेसे वाटते, कारण तो रस्ता जवळचा दिसतो. तिथेच बोट वाळूवर चढते. दुसरी जागा म्हणजे नदीचे मुख. नदीने आणलेला गाळ आणि समुद्राने लोटलेली वाळू तिथे एकमेकांना अडवतात व पाण्याखाली आडवा पट्टा तयार होतो. मांडवीच्या मुखाशी, आग्वादजवळ, असा पट्टा आहे. पावसाळ्यात तिथे लाटा फुटतात आणि मार्ग धोक्याचा होतो. म्हणूनच खनिज वाहणाऱ्या बार्ज पावसाळ्यात मांडवीच्या मुखाऐवजी कुंभारजुवे कालव्यातून जुवारीत उतरत आल्या आहेत. सुमारे १७ किलोमीटरची ती वाट लांबची आहे, पण ती सुखरूप पोहोचवते.

आता बोयांची भाषा. मुख्य नियम एका वाक्यात सांगता येतो: समुद्रातून नदीत, म्हणजे घराकडे येताना, लाल बोया डाव्या हाताला आणि हिरवा उजव्या हाताला ठेवायचा. या दोहोंमधली वाट सुरक्षित. समुद्राकडे परत जाताना अर्थातच उलट: लाल उजवीकडे, हिरवा डावीकडे. बोया जागचा हलत नाही, बोटीचे तोंड फिरते. चूक होते ती इथेच. ‘लाल डावीकडे’ एवढेच पाठ केलेला माणूस परतीच्या वाटेवर नेमका चुकीच्या बाजूने जातो. म्हणून पाठ करायचेच असेल तर पूर्ण वाक्य पाठ करावे: घरी येताना लाल डावीकडे.

रंगाच्या जोडीला आकारही बोलतो. लाल खुणेचा आकार डब्यासारखा सपाट माथ्याचा असतो, हिरव्या खुणेचा शंकूसारखा, टोक वर केलेला. बोया खांबासारखा असेल तर त्याच्या डोक्यावर तसाच छोटा डबा किंवा शंकू बसवलेला असतो. रात्री लाल बोयावर लाल दिवा, हिरव्यावर हिरवा. बोयांना क्रमांक दिलेले असतात तिथे ते समुद्राकडून आत येताना वाढत जातात. सर्वसाधारण प्रथेप्रमाणे लाल बोयांना सम आणि हिरव्यांना विषम. सहानंतर आठ यायला हवा होता आणि समोर बारा आला, तर मधले दोन लाल बोये एकतर नजरेतून सुटले किंवा जागेवर नाहीत. दोन्ही वेळी उपाय एकच: वेग कमी करणे आणि खात्री करून घेणे.

याखेरीज आणखी काही खुणा आहेत. काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा बोया चार दिशांची भाषा बोलतो. त्याच्या माथ्यावरचे दोन्ही शंकू वर टोक करून असतील तर उत्तरेकडून जा, दोन्ही खाली टोक करून असतील तर दक्षिणेकडून. दोघांचे तळ एकमेकांना चिकटून असतील तर पूर्वेकडून, टोके एकमेकांकडे असतील तर पश्चिमेकडून. रात्री हीच माहिती पांढऱ्या दिव्याच्या उघडझापीतून मिळते, आणि ती घड्याळाच्या तबकडीवर बसवलेली आहे: पूर्वेला तीन झपकारे, दक्षिणेला सहा आणि त्यानंतर एक लांब, पश्चिमेला नऊ, उत्तरेला न थांबता. काळ्या बोयावर लाल पट्टे आणि माथ्यावर दोन काळे गोळे असतील तर धोका नेमका त्याच्याच खाली आहे. उभे लाल-पांढरे पट्टे म्हणजे सभोवती पाणी सुरक्षित. नुसता पिवळा बोया एखाद्या खास गोष्टीची खूण असतो, जसे पाण्याखालून गेलेली नळवाहिनी किंवा केबल.

ही सारी भाषा आज जगभर जवळपास एकसारखी आहे. ते सहज घडलेले नाही. १९७० च्या दशकापर्यंत जगात तीसहून अधिक पद्धती चालू होत्या. एका देशात जो रंग ‘इकडून या’ म्हणे, तोच दुसऱ्या देशात ‘इकडे येऊ नका’ म्हणे. १९७१ च्या जानेवारीत इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यामधल्या डोव्हरच्या सामुद्रधुनीत ‘टेक्साको कॅरिबियन’ हे टँकर टक्कर होऊन बुडाले. दुसऱ्याच दिवशी ‘ब्रँडनबर्ग’ हे मालवाहू जहाज त्याच्या सांगाड्यावर आदळून बुडाले. काही आठवड्यांनी, त्या जागी खुणा लावलेल्या असतानाही, ‘निकी’ हे तिसरे जहाज तिथेच आदळून बुडाले. या तीन घटनांत मिळून ५१ माणसे गेली. खूण होती, पण ती वाचली गेली नाही. या धक्क्यानंतर एकवाक्यतेच्या प्रयत्नांना वेग आला आणि १९८० च्या नोव्हेंबरमध्ये टोकियोत आजची पद्धत मान्य झाली.

तरीही एक दुफळी उरलीच. उत्तर व दक्षिण अमेरिका, जपान, दक्षिण कोरिया आणि फिलिपिन्स येथे लाल-हिरव्याच्या बाजू उलट्या आहेत: तिथे आत येताना लाल उजवीकडे. भारत, युरोप, आफ्रिका आणि ऑस्ट्रेलिया पहिल्या गटात येतात. अमेरिकेत स्थायिक झालेला एखादा मराठी माणूस सुट्टीत तिथल्या नदीत भाड्याची बोट चालवत असेल आणि लहानपणी कोकणातल्या मामाने शिकवलेला नियम त्याला आठवत असेल, तर तो नियम तिथे त्याला थेट वाळूवर नेईल.

आता वैद्यकाचा भाग. लाल आणि हिरवा हे दोन रंग ओळखण्यावर सगळा डोलारा उभा आहे, आणि पुरुषांमधला एक गट नेमके हेच दोन रंग नीट ओळखू शकत नाही. डोळ्याच्या पडद्यावर रंग टिपणाऱ्या तीन प्रकारच्या पेशी असतात. त्यांपैकी लाल आणि हिरव्याशी संबंधित पेशींची जनुके एक्स गुणसूत्रावर असतात. पुरुषाकडे एक्स एकच असल्याने त्यातला दोष झाकला जात नाही. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत हे प्रमाण सुमारे आठ टक्के आहे. भारतीय पुरुषांत ते त्याहून कमी आहे, पण दुर्लक्ष करण्याइतके नाही. यांतल्या अनेकांना आपल्यात असा दोष आहे हे तपासणी होईपर्यंत माहीतच नसते, कारण रोजच्या व्यवहारात ते अंदाजाने निभावून नेतात. रस्त्यावरच्या सिग्नलमध्ये लाल दिवा वर आणि हिरवा खाली असतो. रंग कळला नाही तरी जागा कळते. रात्रीच्या पाण्यावर मात्र वर-खाली काही नसते. काळोखात एक ठिपका लुकलुकतो, आणि तो लाल की हिरवा एवढ्यावरच बोट कुठे वळणार ते ठरते. काही प्रकारच्या रंगांधळेपणात तर लाल दिवा मुळात मंद दिसतो, त्यामुळे तो उशिरा नजरेस पडतो.

हा धोका वैद्यकाला जुना परिचित आहे. १८७५ मध्ये स्वीडनमधील लागरलुंडा येथे दोन गाड्यांची टक्कर झाली. सिग्नलचा रंग न ओळखल्यामुळे ती झाली असावी, असा संशय उप्साला विद्यापीठातील शरीरशास्त्रज्ञ होल्मग्रेन यांनी मांडला आणि रंगीत लोकरीच्या लडी जुळवायला लावणारी चाचणी रूढ केली. त्या अपघाताचे खरे कारण रंगांधळेपणा होते का, याबद्दल आज अभ्यासकांत मतभेद आहेत. पण रेल्वे आणि जहाजांवरच्या नोकरीसाठी रंगदृष्टी तपासण्याची प्रथा त्यातून रुजली. ठिपक्यांमध्ये लपलेला आकडा ओळखण्याची जी चाचणी आज सर्वत्र वापरतात, ती जपानी नेत्रतज्ज्ञ इशिहारा यांनी १९१७ मध्ये प्रसिद्ध केली. तिला काही मिनिटे लागतात, आणि एक पुस्तिका व चांगला उजेड एवढेच साहित्य पुरते.

रंगदृष्टी एकदा तपासली म्हणजे जन्मभराचे काम झाले, असेही नाही. क्षयरोगाच्या उपचारात दिले जाणारे इथॅम्ब्युटॉल हे औषध थोड्या रुग्णांत डोळ्याच्या मज्जातंतूवर परिणाम करते, आणि लाल-हिरव्यातला फरक धूसर होणे हे त्याचे सुरुवातीचे लक्षण असू शकते. हे औषध घेणाऱ्या बोटचालकाने आपला व्यवसाय डॉक्टरांना सांगितला पाहिजे आणि नजरेत फरक जाणवताच दाखवले पाहिजे. औषध मात्र मनाने बंद करायचे नाही. तंबाखू आणि दारूच्या अतिसेवनानेही मज्जातंतूला इजा होऊन रंगदृष्टी बिघडू शकते. वाढत्या वयात मोतीबिंदूमुळे रात्रीच्या दिव्यांभोवती वलये दिसू लागतात. आणि तरुण, निरोगी डोळ्यालाही अंधाराला पुरते सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात. मधेच मोबाइलचा पडदा पाहिला की तो सराव बराचसा पुसला जातो. रात्री सुकाणूवर असणाऱ्याने मोबाइल दूर ठेवावा, यामागे शिस्तीइतकेच शरीरशास्त्रही आहे.

बोयांच्या भाषेत रंगाबरोबर आकार, क्रमांक आणि दिव्याची लय का ठेवली आहे, ते आता लक्षात येईल. एकच गोष्ट तीन-चार रीतींनी सांगितली की एक रीत निकामी झाली तरी दुसरी हात देते. माणूस दमलेला असतो, उन्हाची तिरीप डोळ्यांवर असते, मन जे अपेक्षित असते तेच पाहते. शस्त्रक्रियेआधी रुग्णाचे नाव, बाजू आणि शस्त्रक्रिया पुन्हा पुन्हा विचारतात त्यामागेही हाच विचार आहे. माणूस चुकणारच, हे गृहीत धरूनच सुरक्षितता उभारावी लागते.

बोयांवर आंधळा विश्वासही ठेवता येत नाही. बोया साखळीच्या लांबीइतका इकडेतिकडे झुलतो. पुरात तो ओढला जातो, साखळी तुटते, दिवा विझतो. शिवाय नदी स्वतःच जागा बदलते. यंदाची खोल वाट पुढच्या वर्षी तिथे असेलच असे नाही. हल्दिया ते प्रयागराज या १,६२० किलोमीटरच्या गंगेच्या जलमार्गावर बांबूचे ताटवे रोवून प्रवाह मधल्या वाटेकडे वळवावा लागतो आणि वाटेच्या खुणाही हलवाव्या लागतात. म्हणून बोयाला अगदी घासून जाऊ नये, खोली मोजत राहावे आणि भरती-ओहोटीचे भान ठेवावे. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला भरती मोठी, तशी ओहोटीही मोठी. अनोळखी उथळ पाण्यात शिरायचे तर चढत्या भरतीत शिरावे: बोट टेकलीच तर वाढते पाणी तिला उचलते. उधाणाच्या ऐन भरतीला रुतलेली बोट मात्र पुढच्या उधाणापर्यंत अडकू शकते. आणखी एक गोष्ट: उथळ पाण्यात वेगाने जाणारी बोट पाण्यात अधिक खाली बसते. मागची लाट अचानक मोठी झाली, सुकाणू जड वाटू लागले, तर तळ जवळ आला आहे असे समजावे आणि वेग उतरवावा.

जुन्या तांडेलांना यातले बरेच काही बोयांशिवाय कळत असे. पाण्याचा रंग, लाटेची फूट, काठावरचे देऊळ आणि त्यामागचा माड एका रेषेत येणे, या त्यांच्या खुणा. ते ज्ञान मोलाचे आहे, पण ते एका माणसाच्या डोक्यात असते आणि त्याच्याबरोबर जाते. बोया तेच ज्ञान सर्वांसाठी पाण्यावर मांडतो. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईजवळ अरबी समुद्रातील शिवस्मारकाच्या कार्यक्रमासाठी निघालेली एक स्पीडबोट खडकावर आदळून बुडाली आणि एका तरुणाचा जीव गेला. शहराच्या इतक्या जवळ, दिवसाढवळ्या, तळाशी गाठ पडू शकते. खोल समुद्रात नव्हे, किनाऱ्याच्या नजरेच्या टप्प्यात.

बोट रुतलीच तर काय करावे, हे प्रवाशांनाही ठाऊक हवे. इंजिन बंद करावे किंवा मोकळे सोडावे. जोर लावून पुढे रेटू नये, त्याने तळ फाटतो. सर्वांना बसवावे, जीवरक्षक जॅकेट घालायला लावावे, माणसे मोजावीत, पाणी आत येते आहे का ते पाहावे. तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक किंवा ११२ लावावा. सर्वांत महत्त्वाचे: उडी मारू नये. ‘पाणी कमरेइतकेच आहे’ म्हणून डोक्यावर सूर मारणाऱ्याची मान मोडू शकते, आणि मज्जारज्जूला झालेली ती इजा हातपाय कायमचे निकामी करते. पायांवर उडी मारणारा खाडीच्या चिखलात गुडघ्यापर्यंत रुततो आणि मग भरती चढू लागते. कोणी बुडालाच, तर त्याला बाहेर काढून श्वास चालू आहे का ते पाहावे. नसेल तर तोंडाने श्वास देणे आणि छाती दाबणे लगेच सुरू करावे. पोट दाबून पाणी काढण्यात वेळ घालवू नये. बुडालेल्याला आधी प्राणवायू हवा असतो.

यातून तीन गोष्टी मागाव्याशा वाटतात, आणि तिन्ही आवाक्यातल्या आहेत. पहिली, प्रवासी बोट आणि वॉटर स्कूटर चालवणाऱ्या प्रत्येकाची रंगदृष्टी परवाना देताना आणि नूतनीकरणाच्या वेळी तपासली जावी. व्यापारी जहाजावर जाणाऱ्याला ही तपासणी द्यावीच लागते. मग वीस-पंचवीस माणसांचा जीव हाती असलेल्याला ती तितक्याच काटेकोरपणे का नसावी? ज्याला दोष आढळेल त्याची रोजीरोटी लगेच हिरावू नये. दिवसा, ओळखीच्या पाण्यात, जोडीदारासह काम करण्याची वाट ठेवावी. तशी वाट असेल तरच लोक दोष लपवणार नाहीत. दुसरी, १९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ मध्ये आंतरदेशीय जहाजांचा नवा कायदा आला. त्याच्या अंमलबजावणीत बोयांची देखभाल, विशेषतः दर पावसाळ्यानंतरची फेरतपासणी, कागदापुरती राहू नये. तिसरी, प्रत्येक जेट्टीवर मराठी आणि कोकणीत, चित्रांसह, बोयांचा अर्थ सांगणारा एक फलक असावा. आणि बोयाला होडी किंवा जाळे बांधू नये, हेही त्यावर ठळक लिहावे. जाळ्याच्या ओढीने सरकलेला बोया रात्री दुसऱ्याच कुणाला वाळूवर नेतो.

त्या फलकापुढे फेरीची वाट पाहत पाच मिनिटे उभी राहिलेली शाळकरी मुले लाल-हिरव्याचा नियम सहज शिकतील. मग बोटीत बसल्यावर एखादी मुलगी चालकाला विचारेल, ‘काका, आपण आत चाललोय ना? मग लाल उजवीकडे कसा?’ चालकाचे लक्ष जागेवर आणायला तेवढे पुरेल.